सूत्राला प्रकरणाची जोड

सॉफ्टवेअरकडून नेमकं काय हवं हे आधी लिहून ठेवण्याची दोन घराणी आहेत. एक गणिताच्या चिन्हांत लिहितं. टोनी होअर यांनी १९६९ मध्ये प्रोग्रॅम बरोबर आहे हे सिद्ध करण्याची रीत मांडली. पुढे व्हिएन्नात व्हीडीएम आणि ऑक्सफर्डला झेड या भाषा घडल्या. दुसरं घराणं गोष्टीतून लिहितं. केंट बेक यांच्यामुळे १९९० च्या दशकात ‘यूझर स्टोरी’ रुळली. दोघांची भांडणं अजून चालू आहेत. आपल्या वऱ्हाडात मात्र याच जातीचा प्रश्न तेराव्या शतकाच्या अखेरीस फार निगुतीनं हाताळला गेला, आणि या विषयाची कुळकथा सांगायची तर मी रिद्धपूरपासूनच सुरू करीन.

रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेले, आणि मागे उरल्या त्या माणसांच्या आठवणी. त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी इथे, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून, एकेक लीळा, म्हणजे स्वामींचा एकेक प्रसंग, गोळा केली आणि नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, यांच्याकडून ती पडताळून घेतली. आठवणी जुळल्या नाहीत तर एक निवडून दुसरी पुसली नाही. महानुभाव पोथ्यांत असे वेगळे पाठ ‘वासना’, ‘शोधु’ अशा खुणा करून शेजारीच नोंदलेले सापडतात. ग्राहकाच्या दोन खात्यांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, तर किती कंपन्या दोन्ही लिहून ठेवतात?

मग याच पंथातल्या केसोबासांनी लीळांतून स्वामींची वचनं वेगळी काढून सूत्रपाठ लावला. सूत्र आटोपशीर, पाठ करता येईल असं, पण एकटं सोडलं की कोणीही कसाही अर्थ लावावा. म्हणून केसोबासांच्याच दृष्टांतपाठात आधी सूत्र, मग दृष्टांत, मग तो कुठे लागू पडतो ते सांगणारा दार्ष्टांतिक, अशी ११४ वेळा तिपेडी वीण आहे. पुढे ‘प्रकरणवश’ ग्रंथानं कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी निघालं तेही बांधून ठेवलं.

आता अकोल्याच्या कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर करायला घ्या. ‘ओला कापूस असेल तर भाव कमी’ असं कोणीही सांगेल. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे टक्क्यागणिक कपात, १२ च्या वर खरेदी नाही, हे झालं सूत्र. ते काटेकोर मांडायला बसलं की प्रश्न उभे राहतात: ८.४ ला कपात किती? एकाच गाडीत दोन जागी दोन आकडे आले तर कोणता धरायचा? चिन्हांची भाषा हे प्रश्न टाळू देत नाही, आणि म्हणून ती मला हवी आहे. पण सीतादईनंतरच्या, म्हणजे वेचणी सुरू करतानाच्या पूजेनंतरच्या, पहिल्या वेच्याचा कापूस दवानं दमट असतो आणि दुपारच्या उन्हात तोच वाळतो, हे सूत्रात कुठेच नाही. ते शेतकऱ्याच्या तोंडी आहे. ते टिपून त्या नियमालाच बांधलं नाही, तर पुढच्या वर्षी नियम बदलणाऱ्याला १२ हा आकडा का आला हेच कळणार नाही.

केसोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा भटोबासांनी त्यांना थांबवलं: त्यानं स्वामींचा साधा परिवार वंचित होईल. सूत्र बरोबर आहे की नाही हे ज्या म्हाताऱ्यांना सांगता आलं असतं, त्यांनाच ते वाचता आलं नसतं. खरेदी केंद्रावरचा ग्रेडर झेडमधला नियम वाचू शकत नाही. तेव्हा त्या नियमाखाली मराठीत प्रकरण लिहायचं, ते त्याच्यासमोर वाचायचं आणि तो ‘नाही, असं नसतं’ म्हणाला की सूत्र पुन्हा मांडायला बसायचं.