कॉन्व्हर्सेशन डिझायनर नेमकं काय करतो?

चॅटबॉट किंवा व्हॉइस असिस्टंट काय आणि कसं बोलणार, हे ठरवतो तो कॉन्व्हर्सेशन डिझायनर. गप्पा मारणारा प्रोग्राम नवा नाही. एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्येच ‘एलायझा’ची माहिती प्रसिद्ध केली होती.

मी कोड लिहितो. पण ‘गाडी कधी येणार?’ आणि ‘गाडीला किती वेळ आहे?’ यांचा इंटेंट, म्हणजे हेतू, एकच आहे हे आधी डिझायनर ठरवतो. बॉटला कळलं नाही, तर नुसतं ‘समजले नाही’ म्हणून चालत नाही, ‘कुठल्या स्टेशनवरून?’ असं विचारावं लागतं.

इंग्रजी वाक्यांचं भाषांतर करून मराठी बॉट नीट बोलत नाही. म्हणून भाषा शिकणाऱ्यांनाही इथे जागा आहे. सराव करायचाय? मित्राला ग्राहक करा, स्वतः बॉट व्हा आणि झालेलं बोलणं लिहून काढा.