मॉकिंगबर्डमागची मालगाडी

हार्पर लीची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' बऱ्याच जणांनी वाचलेली असते, निदान ग्रेगरी पेकचा सिनेमा तरी पाहिलेला असतो. पुस्तक १९६० चं, पण काळ १९३० च्या दशकातला आणि जागा अमेरिकेतलं अलाबामा. वकील ॲटिकस, त्याची मुलं, सुट्टीत येणारा त्यांचा दोस्त डिल (हा म्हणजे लीचा बालमित्र ट्रुमन कपोटी!) आणि खोट्या आरोपात अडकलेला टॉम रॉबिन्सन. मला मात्र त्याच राज्यात, त्याच काळात खरोखर चाललेला खटला जास्त छळतो.

२५ मार्च १९३१. मालगाडीत गोऱ्या आणि काळ्या पोरांची मारामारी झाली. पुढच्या स्टेशनवर नऊ काळी पोरं पकडली गेली. चौघं चॅटानूगाचे दोस्त, बाकीचे एकमेकांना ओळखतही नव्हते. एकाला जेमतेम दिसत होतं, एकाला आजारपणामुळे धड चालवत नव्हतं. त्याच गाडीतल्या दोन गोऱ्या बायकांनी बलात्काराचा आरोप केला. स्कॉट्सबरो गावात साधारण दोन आठवड्यांत आठ जणांना मृत्युदंडाची शिक्षा! ज्युरी अर्थातच सगळी गोरी.

सुप्रीम कोर्टाने १९३२ मध्ये शिक्षा रद्द केल्या, कारण धड वकीलच मिळाला नव्हता. १९३३ मध्ये त्यातली एक बाई, रूबी बेट्स, कोर्टात म्हणाली की असं काही झालंच नाही. तरी ज्युरीने परत दोषीच ठरवलं. जज हॉर्टनने तो निकाल फिरवला आणि पुढच्या वर्षी निवडणुकीत जजची खुर्ची गमावली.

मग ज्युरीच्या यादीचा मुद्दा. यादीत काळ्यांची नावं होती, पण वकील लीबोविट्झ म्हणाला, ही मागाहून घुसडलीत. सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींनी चक्क भिंग लावून ते पान पाहिलं! १९३५ मध्ये परत निकाल रद्द. पण लगेच सुटका नाहीच. चौघांवरचे आरोप १९३७ मध्ये मागे घेतले, बाकीचे कैदेतच राहिले.

शेवटच्या तिघांना माफी मिळाली २०१३ मध्ये. ८२ वर्षांनी, नऊही जण वारल्यावर. त्यासाठी अलाबामाला नवा कायदा करावा लागला.

कादंबरीत निदान ॲटिकस उठून कोर्टाबाहेर जाताना गॅलरीतली काळी माणसं त्याच्यासाठी उभी राहतात. ह्या नऊ जणांसाठी असं कोण उभं राहिलं? आणि जे केलंच नाही, त्याची माफी कोणी कोणाची मागायची?