मंडळीत कोणी, केव्हा बोलावे

उपासना चालू असताना कुणीतरी कोणालाच न कळणाऱ्या ध्वनींत प्रार्थना करू लागते. शेजारचा भारावतो, मागच्या बाकावरचा बिचकतो, आणि हे चालू द्यायचे की थांबवायचे ते पाळकाला तिथल्या तिथे ठरवावे लागते. ‘अन्य भाषा बोलणे’ या विषयाच्या अभ्यासकाला वारंवार परत यावे लागते ते याच पेचाकडे. त्याचा सर्वांत जुना तपशीलवार दस्तऐवज म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला इ.स. 54च्या सुमारास लिहिलेले पत्र.

नव्या वाचकाने त्या पत्राचा चौदावा अध्याय आधी वाचावा. दोघांनी, फार तर तिघांनी बोलावे, तेही पाळीपाळीने. एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल, तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहून देवाशी मनातच बोलावे. एवढे वाचून पौलाला हा प्रकारच नकोसा होता असे अनेकांना वाटते. पण त्याच अध्यायात तो स्वतः करिंथकरांहून जास्त अन्य भाषांत बोलत असल्याचे सांगतो आणि कुणाला मनाई करू नका असेही बजावतो. त्याला काळजी आहे ती नुकत्याच आत आलेल्या परक्याची. सगळे एकदम बोलू लागले तर तो यांना वेडे ठरवील. सभेतल्या सर्वांत अनभिज्ञ माणसासाठी मागितलेली शिस्त म्हणूनच मी हा अध्याय वाचतो. अर्थात स्त्रियांनी सभेत गप्प राहावे असे सांगणाऱ्या ओळीही तिथेच आहेत आणि त्यांच्यावरचा वाद मिटलेला नाही. बायबलच्या अभ्यासक अँटोइनेट वायर यांनी 1990मध्ये हे सारे पत्र करिंथच्या बोलक्या स्त्रियांच्या बाजूने वाचून दाखवले. तेव्हापासून नियम कुणाचे तोंड बंद करतो हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मराठी वाचकाला या क्षेत्रात शिरायला दूर जावे लागत नाही. अन्य भाषांना महत्त्व देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम म्हणून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील विल्यम सीमोर यांच्या 1906च्या सभा सांगितल्या जातात. पण त्याआधीच, 1905च्या जूनमध्ये, पुणे जिल्ह्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात जागृती उसळली होती. दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि विधवा एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करीत, रडत. पुढे अन्य भाषांचीही वृत्ते येऊ लागली. हा गोंगाट आहे, भावनेचा अतिरेक आहे, अशी टीका झाली. रमाबाई स्वतः अन्य भाषेत बोलल्याची नोंद मला माहीत नाही. तरी 1907मध्ये आपल्या इंग्रजी पत्रिकेत त्यांनी या मुलींची बाजू मांडली. अन्य भाषा हेच पवित्र आत्म्याचे एकमेव लक्षण, असा हट्ट मात्र त्यांनी धरला नाही. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटले, त्या विदुषीने अर्धशिक्षित मुलींचे न समजणारे बोल मान देऊन ऐकले, हे मला फार मोठे वाटते. मुक्ती सदनातील मिशनरी मिनी अब्राम्स यांचे या जागृतीवरचे पुस्तक थेट चिलीला पोहोचले आणि तिथल्या 1909च्या मेथडिस्ट जागृतीला त्याची प्रेरणा मिळाली.

भाषाशास्त्राची वाट वेगळी आहे. विल्यम सॅमरिन यांनी 1972च्या ग्रंथात दाखवले, की या बोलण्यातले ध्वनी बहुधा बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांतूनच येतात. तेच ते अक्षरगट फिरून येतात, लय आणि चढउतार बोलण्यासारखेच असतात, पण व्याकरण आढळत नाही. श्रद्धावानाने या निष्कर्षाला घाबरू नये. ध्वनी कुठून येतात ते यातून कळते; ती प्रार्थना खरी आहे का, हा प्रश्न सॅमरिन यांच्या मोजपट्टीत बसणारा नाही.

सुरुवात मुक्तीच्या कागदपत्रांपासून करावी असे मी सुचवीन. वाचताना एक पाहत जावे: त्या मुलींना काय वाटले ते त्यांच्याच शब्दांत किती आले आहे, आणि मिशनरी पाहुण्यांच्या लेखणीतून किती.