जंगलाची उंची मोजणारा लेसर: एकवीस वर्षांची वाट आणि थोडक्यात टळलेली राख

आजची गोष्ट ऐकण्याआधी एक छोटं काम करा. मोबाईलवर सॅटेलाईट मॅप उघडा आणि सह्याद्रीतलं एखादं जंगल झूम करून बघा. हिरवंगार दिसतंय ना? आता सांगा, ती झाडं किती उंच आहेत? दहा मीटर की तीस?

नाही सांगता येत. मीही इथेच अडकलो, आणि उत्तर शोधता शोधता हा एपिसोड तयार झाला.

वरून काढलेल्या फोटोत जंगलाचं फक्त छप्पर दिसतं. पण वाळलेल्या लाकडाचं साधारण निम्मं वजन कार्बनचं असतं. त्यामुळे जंगलात किती कार्बन साठलाय हे कळायला झाडांची उंची आणि छपराखालची दाटी, दोन्ही लागतात.

यावर उपाय लेसरचा. वरून प्रकाशाचा एक ठोका सोडायचा. त्यातला थोडा प्रकाश शेंड्यावरून परत येतो, थोडा मधल्या फांद्यांवरून आणि उरलेला जमिनीवरून. पहिल्या आणि शेवटच्या परतीमधला वेळ मोजला की उंची मिळते. मधल्या परतींवरून दाटी कळते.

गंमत बघा, हे तंत्र आधी पोचलं चंद्रावर! १९७१ मध्ये अपोलो १५ ने लेसरने चंद्राचे उंचसखल भाग मोजले. पुढे मंगळासाठी असंच यंत्र बनलं. त्याचेच सुटे भाग वापरून नासाने १९९६ आणि १९९७ मध्ये स्पेस शटलमधून पृथ्वीवर लेसर मारून पाहिला. म्हणजे मंगळाचं उरलेलं सामान आपल्या वाट्याला आलं!

१९९७ मध्येच नासाने खास जंगलं मोजणारा उपग्रह मंजूर केला. नाव व्हेजिटेशन कॅनॉपी लायडार, प्रमुख मेरीलँड विद्यापीठाचे राल्फ दुबाया. २००० मध्ये उड्डाण ठरलं होतं. पण लेसरच्या अडचणी संपेनात, आणि तो उपग्रह कधी उडालाच नाही. त्याच्या तयारीसाठी बनवलेलं विमानातलं यंत्र मात्र १९९८ मध्ये कोस्टा रिकाच्या जंगलावर फिरलं. पद्धत चालते हे त्याने दाखवून दिलं.

मधल्या काळात, २००३ मध्ये आईससॅट गेला. तो मुळात बर्फ मोजायला होता. त्याचा पहिला लेसर सव्वा महिन्यातच बंद पडला. तरी उरलेल्या लेसरांच्या नोंदींमधून शास्त्रज्ञांनी जगातल्या जंगलांच्या उंचीचा नकाशा काढलाच.

दुबाया यांनीही नाद सोडला नव्हता. ५ डिसेंबर २०१८ ला त्यांचं नवं यंत्र स्पेस स्टेशनकडे निघालं. नाव जीईडीआय, उच्चार ‘जेडाय’. हो हो, स्टार वॉर्सवाल्यांसारखाच! त्यात तीन लेसर, प्रत्येकाचे सेकंदाला २४२ ठोके. एकेक ठोका जमिनीवर साधारण २५ मीटर व्यासाचा ठिपका मोजतो. ठिपक्यांमधली जागा इतर उपग्रहांच्या फोटोंच्या मदतीने भरायची. २०२१ मध्ये अशाच मेळातून, लँडसॅटचे फोटो वापरून, जंगलांच्या उंचीचा जागतिक नकाशा तयार झाला.

मर्यादा आहेतच. स्पेस स्टेशन ५१.६ अंश अक्षांशापलीकडे जात नाही, त्यामुळे सायबेरियाची बरीचशी जंगलं सुटतात. दाट ढगांतून हा लेसर जात नाही, म्हणजे पावसाळ्यातल्या सह्याद्रीपुढे त्याचेही हात टेकतात.

आणि आता खरा ट्विस्ट. यंत्राची मुदत होती दोन वर्षांची. ती वाढवून मिळाली, पण स्टेशनवरची जागा दुसऱ्या उपकरणाला हवी होती. मूळ बेत काय होता माहितीय? २०२३ मध्ये चांगलं चालणारं यंत्र स्टेशनपासून सोडून द्यायचं आणि वातावरणात जळू द्यायचं! एकवीस वर्षं वाट पाहून मिळालेल्या यंत्राची काही क्षणांत राख.

शास्त्रज्ञांनी विनवण्या केल्या, आणि नासाने मार्च २०२३ मध्ये निर्णय बदलला. यंत्र जाळायचं नाही, स्टेशनवरच बाजूला ठेवायचं. तेरा महिने ते तसंच पडून राहिलं. एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा जागेवर बसवलं आणि लेसर परत सुरू झाले.

मला विचाराल तर एवढी धडपड का, याचं उत्तर घरातल्या भिंतीवर आहे. लहानपणी आई आपल्याला भिंतीला टेकवून पेन्सिलने उंचीची खूण करायची, आठवतं? एका खुणेतून काहीच कळत नाही. पुढच्या वर्षी दुसरी खूण झाली की कळतं, पोर किती वाढलं. जंगलाचंही तेच. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत शंभराहून जास्त देशांनी २०३० पर्यंत जंगलतोड थांबवण्याचा शब्द दिला. तो पाळला की नाही, हे एकाच खुणेवरून कसं ठरवणार? जेडाय जळालं असतं तर पेन्सिलच हातातून गेली असती.

आता तो मॅप पुन्हा उघडा. हिरवा रंग तोच असेल. पण त्याखाली उंचीही आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे. भेटूया पुढच्या भागात!