गावाची लेखणी कोणाच्या हाती?

श्रोतेहो, ज्यांनी जुन्या वाड्यांतील माळे आणि फडताळे उघडून पाहिली असतील, त्यांना जाड कापडी रुमालात बांधलेली दप्तरे परिचयाची असतील. शेतसारा किती आला, कोणाचे शेत कोणाच्या नावे चढले, कोणाकडे किती बाकी राहिली, हा गावाचा सारा लेखाजोखा त्या रुमालांत असे. दप्तर गावाचे, परंतु ते राहत असे एका घरात, आणि त्यावर चालणारी लेखणीही एकाच घराण्यात बापाकडून मुलाकडे जात असे. स्थानिक कारभारात सर्व समाजांना स्थान कसे मिळाले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचा इतिहास मोठ्या दरबारांपेक्षा या रुमालातच अधिक स्पष्ट वाचता येतो. त्यासाठी मी आपणांस करवीर संस्थानात, म्हणजे कोल्हापुरात घेऊन जाणार आहे. आज बेळगाव जिल्ह्यात मोडणारा रायबाग तालुका त्या काळी याच संस्थानात होता, तेव्हा सीमाभागातील श्रोत्यांना हा इतिहास परका वाटू नये.

1894 साली शाहू छत्रपतींच्या हाती राज्यकारभार आला, तेव्हा त्यांच्या वयाची वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्या वेळच्या नोकरवर्गाचे आकडे अभ्यासकांनी नमूद केले आहेत. दरबारच्या सामान्य प्रशासनात 71 अधिकारपदे होती आणि त्यांपैकी 60 एकाच ब्राह्मण समाजाकडे होती. सुमारे 500 कारकुनांमध्ये ब्राह्मणेतर उणेपुरे दहा निघाले. हे आकडे सांगताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख होती, त्याच्याकडे लेखणीची कामे गेली, यात त्या समाजातील प्रत्येक व्यक्तीचा दोष नव्हता. दोष होता तो अक्षरओळख एका दाराआड कोंडून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. मराठे, लिंगायत, जैन, मुसलमान, कारागीर आणि अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेले समाज यांनी कर भरावा, आणि त्या कराचा हिशेब मात्र त्यांच्यापैकी कोणी पाहू नये, अशी ती स्थिती होती.

महाराजांचा पहिला प्रयत्न फसला, आणि तो फसण्यातच मोठा धडा होता. 1896 मध्ये कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांकरिता एक वसतिगृह निघाले. दार सर्वांना मोकळे होते, परंतु थोड्याच काळात तेथे ब्राह्मणेतर विद्यार्थी जवळजवळ उरले नाहीत. कोणी त्यांना हाकलून दिले, असे समजण्याचे कारण नाही. आपले म्हणावे असे तेथे काही नसले, म्हणजे पाहुणा आपण होऊनच उठून जातो. दार उघडे ठेवणे आणि आत बसावयास जागा देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे राजाने ओळखले. मग 1901 मध्ये मराठा व जैन विद्यार्थ्यांची, 1906 मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांची, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातील विद्यार्थ्यांची आणि 1915 मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहिली. नोकरीचा प्रश्न शाळेपासून सुरू होतो, हे या घटनाक्रमावरून दिसते. पुढे 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला.

परंतु शिकलेली पिढी तयार होईपर्यंत वाट पाहावी, हे महाराजांना मान्य नव्हते. 1902 मध्ये सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेस गेले होते. बादशहाच्या आजारामुळे तो समारंभ लांबणीवर पडला. त्याच सुमारास, 26 जुलै 1902 रोजी, कोल्हापूरच्या दरबाराने एक जाहीरनामा काढला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात, असा त्याचा आशय होता. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावयाची होती. शेवटचे कलम तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने दर तीन महिन्यांनी या भरतीचे पत्रक दरबारास सादर करावयाचे होते. हुकूम काढणारे पुष्कळ असतात, पण आपल्याच हुकुमाचा हिशेब मागणारे थोडे. 1912 पर्यंत अधिकारपदांची संख्या 95 झाली आणि त्यांत ब्राह्मण अधिकारी 35 होते. म्हणजे कोणाला देशोधडीस न लावता, नव्या आणि रिकाम्या जागांच्या द्वारे दहा वर्षांत चित्र पालटले.

गुणवत्तेचे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्याला त्या इतिहासाचे उत्तर असे, की ज्याला कधी काम करू दिले नाही, त्याची कामातील गुणवत्ता कोणी आणि कशी मोजावी? कोल्हापुरात रखमाबाई केळवकर यांनी मुलींच्या शाळांचे अधीक्षकपद सांभाळले आणि त्यांच्या कन्या कृष्णाबाई या तेथील सरकारी इस्पितळात डॉक्टर झाल्या. स्त्री म्हणून त्यांना आधीच अपात्र ठरविले असते, तर त्यांची योग्यता कोणाला दिसली असती?

आता पुन्हा गावाकडे वळू. कुलकर्ण्याकडे लेखणी असे, तसे महाराकडे पाय असत. हद्दीचा वाद पडला की महाराची साक्ष निघे, कारण गावाची शीव त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नसे. वसूल झालेला सारा तालुक्यास पोहोचवावयाचा, सरकारी टपाल न्यावयाचे, आल्यागेल्या अधिकाऱ्याची सरबराई करावयाची, ही कामेही त्याचीच. विचार करा, गावाचा पैसा ज्याच्या हवाली निर्धास्तपणे केला जात असे, त्याला त्या पैशाचा आकडा मात्र वाचता येत नसे, आणि चावडीच्या ओट्यावर त्याला बसताही येत नसे. म्हणजे कारभारात निरनिराळे समाज नव्हते असे नाही. प्रत्येक समाज होता, पण जन्माने ठरलेल्या कामावर खिळलेला होता. केवळ डोकी मोजून समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

1918 मध्ये शाहू महाराजांनी या व्यवस्थेच्या मुळावरच घाव घातला. कुलकर्णी वतने रद्द होऊन त्यांच्या जागी पगारी तलाठी आले, आणि त्याच साली महार वतनही मोडण्यात आले. लेखणी वारशातून सुटली आणि पायही वारशातून सुटले. तलाठ्याच्या जागांवर अस्पृश्य मानलेल्या समाजातील शिकलेले तरुण नेमले गेले. पिढ्यान्‌पिढ्या दप्तर वाहून नेणाऱ्यांचा मुलगा दप्तर उघडून बसला.

पण नेमणुकीने गोष्ट संपत नाही. कागदावर तलाठी झालेल्या माणसाच्या हातून कागद घेण्यास कोणी कचरले, वरिष्ठाने त्याला दाराबाहेर उभे ठेवले, तर त्या नेमणुकीला अर्थ काय राहिला? म्हणून जानेवारी 1919 मध्ये महाराजांनी आणखी एक हुकूम काढला. मुलकी, न्याय व सर्वसाधारण खात्यांतील अधिकाऱ्यांनी नोकरीत शिरलेल्या अस्पृश्य वर्गातील लोकांना ममतेने व समतेने वागवावे, असे त्यात होते. ज्याला हे मान्य नसेल, त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, आणि त्याला पेन्शन मिळणार नाही, अशीही त्यात स्पष्ट जाणीव दिली होती. 1902 चा हुकूम जागा देणारा होता, 1919 चा हुकूम त्या जागेवर मानाने बसू देणारा होता. या दोहोंमध्ये सतरा वर्षे गेली. माझ्या मते आजच्या विषयाचे सार या सतरा वर्षांत आहे.

हे सांगताना इतरांकडे बोट दाखविण्याचा माझा हेतू नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांत सर्व माणसे एका पित्याची लेकरे आहेत असे शिकवितात, तरीही गोव्यातील कित्येक चर्चमधील बंधुमंडळे दीर्घकाळ जातवार चालली. तत्त्व ओठांवर असले, तरी ते बसण्याच्या बाकापर्यंत उतरावयास काळ लागतो.

कोल्हापुरात एका राजाच्या सहीने जे झाले, ते इतरत्र कायद्याच्या वाटेने सावकाश झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. मुंबई राज्यात कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने आणि महारांसह कनिष्ठ गावकामगारांची वतने 1958 च्या कायद्याने गेली. महाराष्ट्रात मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद 1962 च्या कायद्याने संपले. संविधानाने नोकरीतील समान संधी आणि मागास वर्गांसाठी राखीव जागा या दोहोंना आधार दिला. 1993 मध्ये अमलात आलेल्या दोन घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिकांच्या निवडून द्यावयाच्या जागांवर स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती यांना हक्काचे स्थान मिळवून दिले.

इतके सारे झाल्यावर काम संपले काय? आपल्या गावच्या नगरपालिकेत सहज एक चक्कर टाकून पाहा. मेजापाशी कोण बसले आहे आणि पहाटे रस्त्यावर झाडू कोणाच्या हाती आहे, हे पाहा. मानवी मैला हाताने उपसण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 मध्ये एक आणि 2013 मध्ये दुसरा कायदा करावा लागला, यातच पुष्कळ काही आले. झाडू धरणारा हात हीन नाही, पण तो हात एकाच वस्तीतून यावा आणि त्याच्या मुलाचाही हात त्याच झाडूसाठी धरून चालावे, हे वतनच होय, मग त्याला नाव कोणतेही द्या.

शाहू महाराज 6 मे 1922 रोजी निवर्तले. त्यांच्या कारभारातून मला तीन प्रश्न सुचतात, आणि ते कोणत्याही पंचायतीच्या दारात विचारता येतील. येथे येण्याचा रस्ता शाळेपासून सर्वांसाठी बांधला आहे काय? आलेल्यांचा हिशेब कोणी ठराविक मुदतीने मागतो काय? आणि जो आला, त्याच्या हातून आपण कागद सहजपणे घेतो काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरकारने द्यावयाची आहेत. तिसऱ्याचे उत्तर मात्र, श्रोतेहो, खिडकीच्या अलीकडे उभे राहणाऱ्या आपणा सर्वांनाच द्यावे लागेल.