गट ब स्ट्रेप्टोकॉकसची पृष्ठप्रथिनांद्वारे ओळख

गट ब स्ट्रेप्टोकॉकस (शास्त्रीय नाव: स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टिए) हा मानवी आतड्यात व योनिमार्गात आढळणारा गोलाकार जीवाणू आहे. निरोगी स्त्रीस तो सहसा अपाय करीत नाही. मात्र प्रसूतीच्या वेळी त्याचा बाळाला संसर्ग झाल्यास रक्तातील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. पहिल्या आठवड्यात आजारी पडणाऱ्या बहुतेक बालकांत लक्षणे २४ तासांच्या आतच दिसतात. जंतुसंवर्धनाच्या अहवालास मात्र १ ते २ दिवस लागतात. म्हणून शीघ्र निदान महत्त्वाचे ठरते.

तत्त्व

या जीवाणूच्या शर्करायुक्त आवरणाचे १० प्रकार ज्ञात आहेत. एका प्रकारासाठीचे प्रतिपिंड दुसऱ्या प्रकारास ओळखेलच असे नाही. याउलट ‘सिप’ हे पृष्ठप्रथिन जवळजवळ सर्व वाणांत आढळते. त्याच्या जनुकाचा शोध पीसीआर चाचणीने काही तासांत घेता येतो. अल्फा सी, रिब ही प्रथिने वाणानुसार बदलत असल्याने वाणांच्या वर्गीकरणास उपयोगी पडतात.

मर्यादा

मातेच्या रक्तातील या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे पूर्वीच्या संपर्कामुळेही असू शकतात. त्यामुळे केवळ त्यांवरून चालू संसर्ग सिद्ध होत नाही. बाळाच्या रक्ताचे किंवा मेरुद्रवाचे जंतुसंवर्धन हीच प्रमाण चाचणी मानली जाते आणि तिच्या अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू केली जातात.