अडकलेला पिस्टन (सायकलचा डिस्क ब्रेक)

सायकलच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमधील एखादा पिस्टन आपल्या पोकळीत सहजपणे पुढे-मागे सरकेनासा होणे, या दोषास अडकलेला पिस्टन असे म्हणतात. नावावरून पिस्टन पूर्णपणे घट्ट बसला असावा असा समज होतो. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. बहुधा तो हलतो, परंतु समोरच्या पिस्टनपेक्षा उशिरा व कमी हलतो. पिस्टनच्या कडेवर साचलेली घाण आणि कोरडे पडलेले रबरी सील ही त्याची नेहमीची कारणे होत. त्यामुळे स्वच्छता व योग्य वंगण एवढ्यानेच दोष बहुधा दूर होतो. जोर लावल्याने मात्र दुरुस्त होण्याजोगा कॅलिपर कायमचा निकामी होऊ शकतो. केबलने चालणाऱ्या डिस्क ब्रेकची रचना वेगळी असून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

रचना व कार्य

हँडलवरील लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधील द्रव नळीवाटे कॅलिपरमध्ये लोटला जातो. कॅलिपर हा चाकाच्या आसाजवळ बसवलेला धातूचा ठोकळा असून त्यात समोरासमोर दोन, तर काही डोंगरी सायकलींत चार पिस्टन असतात. हे पिस्टन ब्रेक पॅडना ढकलतात आणि चाकासोबत फिरणारी पोलादी चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते.

पिस्टन मागे कसा येतो, हे समजल्याशिवाय दोषाचा उलगडा होत नाही. दोन पॅडच्या मध्ये त्यांना विलग ठेवणारी एक पातळ स्प्रिंग असते; पण पिस्टनला मागे खेचण्याचे मुख्य काम सील करते. हे सील म्हणजे कॅलिपरच्या खाचेत बसवलेले, चौकोनी छेदाचे रबरी कडे होय. पिस्टन पुढे सरकताना ते त्याला धरून किंचित वाकते आणि दाब ओसरताच मूळ आकारात येऊन पिस्टनला तेवढेच मागे नेते. हे अंतर एका मिलिमीटरहूनही कमी असते. पॅड झिजल्यावर पिस्टनला अधिक पुढे जावे लागते, तेव्हा तो सीलमधून थोडा घसरतो आणि नव्या जागेपासून पूर्वीइतकाच मागे येऊ लागतो. यामुळेच हायड्रॉलिक ब्रेक पॅडच्या झिजेनुसार वारंवार जुळवावे लागत नाहीत. गळती रोखणे, पिस्टन परत आणणे आणि झीज भरून काढणे ही तिन्ही कामे एका रबरी कड्याकडे असल्याने त्यावरील अल्प घाणही बाधक ठरते.

कारणे

पॅड झिजत जातात तसतसा पिस्टनचा अधिकाधिक भाग पोकळीबाहेर उघडा पडतो. त्यावर पॅडची भुकटी, धूळ व चिखल यांचा थर बसतो. नवे पॅड बसवताना हा पिस्टन न पुसता तसाच आत ढकलला, तर तो थर सीलपर्यंत पोहोचतो. नवे पॅड घातल्यापासूनच ब्रेक घासू लागला, अशी तक्रार वारंवार ऐकू येते ती यामुळे. सायकल दीर्घकाळ न वापरल्यास सील कोरडे पडून पिस्टनला चिकटते. चुकीच्या द्रवामुळे सील फुगणे हे कारण कमी आढळते, पण ते अधिक गंभीर आहे.

लक्षणे व निदान

द्रवातील दाब दोन्ही पिस्टनवर सारखाच असतो. तथापि ज्याचे घर्षण कमी, तो आधी निघतो. त्याचा पॅड चकतीला टेकला की चकती दुसऱ्या बाजूस वाकते, दाब वाढतो आणि मग मंद पिस्टनही पुढे येतो. अशा रीतीने सायकल थांबते आणि दोष झाकला जातो. दरम्यान एक पॅड दुसऱ्यापेक्षा लवकर झिजतो, लिव्हर अधिक आत जातो व चकती सतत घासत राहते.

कॅलिपरमागे पांढरा कागद धरून लिव्हर हळूहळू दाबल्यास चकती एका बाजूस ढकलली जाताना स्पष्ट दिसते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागीच घासण्याचा आवाज येत असेल, तर चकती वाकलेली असण्याची शक्यता अधिक. निदानातील नेहमीची चूक म्हणजे अधिक बाहेर आलेल्या पिस्टनला दोषी ठरवणे. लिव्हर दाबल्यावर पुढे येतो तो पिस्टन बहुधा निरोगी असतो. आत दडून राहिलेला अडकलेला असतो.

दुरुस्ती

चाक व पॅड काढून पॅड तेलाचा स्पर्श होणार नाही अशा ठिकाणी ठेवतात. मोकळ्या पिस्टनला प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने अडवून धरतात आणि ब्रेकचा लिव्हर अगदी हळू दाबून अडकलेला पिस्टन काही मिलिमीटर बाहेर आणतात. येथे घाई करू नये. पिस्टन सीलच्या बाहेर निसटला, तर द्रव सांडतो, आत हवा शिरते आणि पाव तासाचे काम नवा द्रव भरून हवा काढण्यापर्यंत लांबते.

उघड्या पडलेल्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने सर्व बाजूंनी पुसतात. काचकागद वापरू नये; त्याच्या ओरखड्यांतून पुढे गळती होते. त्यानंतर त्या ब्रेकमध्ये वापरला जाणारा द्रवच थेंबभर लावून पिस्टन प्लॅस्टिकच्या साधनाने सरळ आत ढकलतात. तो तिरपा होऊ देऊ नये. अनेक पिस्टन सिरॅमिकचे किंवा फेनॉलिक रेझिनचे असतात आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्यांचा टवका उडतो. पिस्टन मुळीच आत जात नसल्यास मास्टर सिलिंडरमध्ये द्रव प्रमाणाबाहेर भरलेला नाही ना, हेही पाहावे.

बाहेर आणणे, पुसणे, वंगण देणे व आत ढकलणे हा क्रम दोन्ही पिस्टन सारखेच हलू लागेपर्यंत पुन्हा पुन्हा करावा लागतो. चार-पाच आवर्तनांनंतर फरक जाणवू लागतो. शेवटी जादा द्रव अल्कोहोलने पुसून पॅड व चाक बसवतात, कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल करतात आणि लिव्हर दाबून धरून ते पुन्हा आवळतात. यामुळे कॅलिपर चकतीच्या मध्यावर येतो. हे बोल्ट सामान्यतः ६ ते ८ न्यूटन मीटर इतके आवळले जातात; नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत असतो.

द्रवाची निवड

शिमानो, मागुरा व टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये खनिज तेल वापरतात. होप आणि स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट द्रव असतो; अलीकडे स्रॅमनेही काही ब्रेकसाठी खनिज तेल स्वीकारले आहे. दोन्ही द्रव परस्परांऐवजी चालत नाहीत, कारण सीलचे रबर त्या त्या द्रवाला अनुरूप निवडलेले असते. डॉट द्रवासाठीचे ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगते. हाताशी असलेले इंजिन ऑइल किंवा गंज सोडवणारा फवारा वापरणे याच कारणाने धोक्याचे आहे: पिस्टन त्या दिवशी सुटल्यासारखा वाटतो आणि काही दिवसांनी उतारावर ब्रेक दगा देतो. डॉट द्रव रंगही खराब करतो, त्यामुळे सांगाड्यावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा.

दुरुस्तीची मर्यादा

पिस्टनला तडा गेला असल्यास किंवा सीलमधून द्रव पाझरत असल्यास सफाईचा उपयोग होत नाही. होपसारखे काही उत्पादक सील व पिस्टन सुटे पुरवतात. जेथे ते मिळत नाहीत तेथे संपूर्ण कॅलिपर बदलावा लागतो. तेल शोषलेले पॅडही बदलणेच इष्ट. दुरुस्तीनंतर लिव्हर जोराने दाबून धरून तो हळूहळू आत जात नाही याची खात्री करतात, आणि मोकळ्या सपाट रस्त्यावर अनेकदा ब्रेक लावून पाहिल्यानंतरच सायकल रहदारीत किंवा घाटात नेतात.